सुगंधाचं कोपर

आचरा, ता. ८ जानेवारी १९५९

चि. भिकाजीस आक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक म्हणवत नाही. सोमवारी शाळेत खो-खो खेळताना आपली सुगंधा खांबाकडे झेपावली आणि उजव्या हातावर पडली. कोपर नारळाएवढं सुजलं आहे. आमचे हे गलबत घेऊन मंगळुराकडे गेलेले, म्हणून मीच बाबलीआजोबांना बोलावलं. गावात मोडलेली हाडं तेच बसवतात. सकाळ-संध्याकाळ गरम तेलाने चोळतात. पोर किंचाळते, मी पदर तोंडात धरून उभी राहते.

तू ज्यांच्या घरी रंग द्यायला गेला होतास, ते डॉक्टर मुलांच्या हाडांचं बघतात ना? त्यांना विचारून लगेच कळव. मार्चात मालवणाला सामने आहेत. बाईसाहेब दिवसभर एकच विचारते, माका खेळाक गावतला मां? आणि तू वाटेत सर्कस दिसली म्हणून थांबू नकोस. तुझी मला खात्री नाही, माया मात्र आहे.

तुझी जानकीआक्का

मुंबई, ता. १३ जानेवारी १९५९

ती. सौ. आक्कास भिकूचा शि. सा. न. वि. वि.

डॉक्टर भेटले. भला माणूस! खोलीत खऱ्या हाडांचा सांगाडा उभा, आणि त्याच्या डोक्यावर डॉक्टरांनी स्वतःची टोपी अडकवलेली. मी आधी सांगाड्यालाच नमस्कार केला. बाहेर बाकावर पाय प्लास्टरात घातलेला एक पारशी पोरगा होता. त्याच्या प्लास्टरावर मी पेन्सिलीने मचवा काढून दिला, शिडासकट. मग तो म्हणाला सुकाणू धरलेला नाखवा पण काढ, त्यात अर्धा तास गेला.

असो. डॉक्टरांनी इंग्रजीत दोन पानं लिहून दिली आहेत, शाळेतले मास्तर वाचून देतील. टपालात हरवायला नकोत, मीच घेऊन येतो. परवाच्या बोटीने निघतो. सुगंधाला सांग, मामा येता हा, सामन्यात खेळशीलच. रागावलीस तरी लोभ आटवू नकोस.

तुझा भिकू

आचरा, ता. ४ फेब्रुवारी १९५९

चि. भिकाजीस आशीर्वाद.

मोटारीवरचा गुरुदास सांगत आला, तुजो भाव जामसंड्यात हुतुतू खेळता, काल तीन गडी मारल्यान. मला आधी खोटंच वाटलं. जामसंडे आचऱ्यापासून किती लांब रे?

तू येशील म्हणून मी दुसऱ्या कुणाकडे नेलं नाही. हात आखडला, तेव्हा तो सरळ व्हावा म्हणून बाबलीआजोबांनी भरलेली कळशी धरायला लावली. आता तो वाकतच नाही. परवा मालवणाला दाखवला. तिथले डॉक्टर म्हणाले, चोळून चोळून सांध्यात नवं हाड धरलं आहे. थोडा सुटेल, पहिल्यासारखा होणार नाही. घास तोंडापर्यंत पोचत नाही, डाव्या हाताने जेवते. बाबलीआजोबा ओट्यावर डोकं धरून बसले. कुणी आधी सांगितलं असतं तर हातसुद्धा लावला नसता, म्हणाले.

डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर पाठव.

जानकी

जामसंडे, ता. ७ फेब्रुवारी १९५९

ती. सौ. आक्कास सा. न.

बोट देवगडला लागली तेव्हा माझा दोस्त भाई सामान उतरवायला पडाव घेऊन आला होता. एक गडी कमी आहे, एकच सामना खेळ, म्हणाला. मग दुसरा झाला. मग माझा पाय मुरगळला, तर त्याने मला आठवडाभर पाटावर पाय ठेवून बसवलं, कुणाला हात लावू दिला नाही. तेव्हासुद्धा मला सुगंधाचं कोपर आठवलं नाही, आक्का. पाय बरा झाला तसा परत खेळायला उतरलो.

चिठ्ठी गुरुदासच्या हाती देतो. पण याहून वाईट आहे ते सांगतो. डॉक्टर मला जिन्यापर्यंत सोडायला आले होते. बाकी सगळं सावकाश चालेल, पण चोळायचं बंद करा, हे आजच्या आज कळव, म्हणाले. त्याच संध्याकाळी मी तुला पत्र लिहिलं. सांगाडा लिहिला, टोपी लिहिली, मचवा लिहिला. हे तेवढं राहिलं. बोटीवर आठवलं, तर म्हटलं, दोन दिवसांत पोचतोच.

बाबलीआजोबांना कुणी बोलू नये. सुगंधाला यातलं सांगू नकोस. तोंड दाखवायला येत नाही, कणकवलीकडे काम बघतो. लोभ कुठल्या तोंडाने मागू?

भिकू

आचरा, ता. १६ फेब्रुवारी १९५९

ती. भिकूमामांस सुगंधाचा सा. न.

गुरुदासकाका म्हणाले तुम्ही अजून जामसंड्यालाच आहात, म्हणून त्यांच्याकडेच हे देते. अक्षर वाकडं आहे, हात लांब ठेवून लिहावं लागतं. सामन्याला माझ्या जागी सुशीला जाणार. तिला सूर मारायची भीती वाटते, मी रोज शिकवते.

तुमचं पत्र मी वाचलं. आईने फडताळात ठेवलं होतं. मी दोन दिवस रडले, तुम्हाला खोटं कशाला सांगू? केसांपर्यंत हात जात नाही, म्हणून वेणी आता आई घालते. पूर्वी ती घालताना गजाली सांगायची. आता बोलत नाही. परवा मध्येच फणी खाली ठेवली आणि परसात निघून गेली. अर्धी वेणी घेऊन मी शाळेत गेले.

मामा, तुम्ही या. माझा हात बघू नका हवं तर. आईसमोर बसा, ती बोलेल ते ऐका. पत्र नको. पत्रात तुमचं काहीतरी राहून जातं.

तुमची
सुगंधा