मी शे ना

बाई, तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर आधी तुमचा तो निरोपच आठवला. पिंप्राळ्यात तेव्हा नव्या कॉलन्या उठत होत्या. तुमची बालवाडी म्हणजे पत्र्याखालची एकच खोली, आणि माझा मुलगा खिडकीखाली भिंतीला पाठ लावून बसलेला. दिवाळी झाली, संक्रांत झाली, तरी तो तिथे कोणाशी अवाक्षर बोलला नव्हता. घरी ह्यांचा दंडक होता, पोरासमोर 'शे-बिशे' चालणार नाही, शहरात राहायचं तर नीट बोलायचं. मी धुळ्याकडच्या खेड्यातली. दिवसभर जीभ आवळून 'शे'च्या जागी 'आहे, आहे' करायची. पोरगं रडायला लागलं की मात्र सगळं विसरून त्याला पोटाशी धरायची आणि आमच्या बोलीत म्हणायची, "उगी राह्य, मी शे ना."

शनिवारी तुम्ही आयांना पोरांसोबत बसवायचात. "घरी पोराला कसं समजावता ते मलाही कळू दे," म्हणायचात. त्या शनिवारी मी ठेवणीतली साडी नेसून आलेय. डॉक्टरांची चिमुरडी पळता पळता पडते, गुडघा फुटतो, ती भोकाड पसरते. आणि माझा मुका उठतो, तिच्याजवळ उकिडवा बसतो, गुडघ्यावर फुंकर घालत म्हणतो, "रडू नको, उगी राह्य, मी शे ना." बाया फिदीफिदी हसल्या. एकीनं विचारलं, "अगं बाई, हे कुठून शिकला?" मी पटकन म्हणाले, "शेजारीण बोलते तसं. आमच्या घरात नाही हं." त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. धरणीनं पोटात घ्यावं असं मला तेव्हा वाटलं नाही, बाई. ते नंतर वाटत राहिलं, अजून वाटतं.

तुम्ही रागावला नाहीत. निघताना दारात एवढंच म्हणालात, "त्या शेजारणीला माझा निरोप द्या. म्हणावं, तुझ्या बोलण्यानं पोर बोलता झाला, रोज संध्याकाळी त्याच्याजवळ येऊन बसत जा." तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्हाला कळलंय हे मलाही कळलं होतं. पण घरी जाऊन मी त्याच्या रडण्यापुरती उरलेली बोलीही सोडून दिली. म्हटलं, चारचौघींत पुन्हा शोभा नको.

मुलगा पुढे छान बोलायला लागला, वक्तृत्वाची बक्षिसं आणली. मागच्या वर्षी हे गेले. तो पुण्याहून आला, माझ्या शेजारी बसला, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आई, स्वतःला सावर." बोलण्यात काही खोट नव्हती. मी मात्र वेड्यासारखी वाट बघत राहिले, आणखी काही म्हणेल म्हणून. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि आड मीच बुजवलेला.

हे पत्र टाकायचं कुठे? तुम्ही असतात तरी टाकलं नसतं. खरं सांगू का, आधी मी ते आमच्या बोलीत लिहायला घेतलं होतं. दोन ओळी झाल्या आणि लाज वाटली. खोडलं, आणि पुन्हा असं नीट लिहिलं.