निळे झालेले अभ्रे

जावईबापू,

न्हाणीघरातल्या बादलीत हात घालू नका, रंग आहे! जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, तेवढं गरम करून घ्या. लेकीला यायला उशीर होणार आहे.

आता खरी बातमी. सकाळी धुताना माझ्या लाल शालीचा रंग तुमच्या पांढऱ्या अभ्र्यांना लागला. सगळे गुलाबी झाले. गुपचूप नवे आणावेत म्हणून निघाले, तर जिन्यात वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई भेटल्या. म्हणाल्या, "अहो, त्यात काय एवढं? गाठी मारू आणि निळ्या रंगात बुडवू."

मग दोघींनी अभ्रे चिमटीत धरून पिळले, रबरबँड आवळले आणि बादलीत सोडले. दुपारी रबरबँड काढले आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या! निळ्यावर गुलाबी वर्तुळं, कुठलेच दोन अभ्रे एकसारखे नाहीत! दोरीवर आहेत, बघाच.

आता वर चाललेय, त्यांचे पडदे रंगवायचेत. माझे हात कोपरापर्यंत निळे झालेत, हसू नका.

मघाशी त्यांनी विचारलं, "लेकीकडे अजून किती दिवस मुक्काम?" इतके महिने मी "बघू" म्हणून वेळ मारून नेत होते. आज पटकन बोलून गेले, "मुक्काम कसला? इथंच राहते मी."

कपाटातला खालचा कप्पा तुम्ही केव्हाचा रिकामा करून ठेवलाय. आज त्यात कपडे लावलेत. माझी बॅग तेवढी माळ्यावर टाका, माझा हात पोचत नाही.

आई