सहावी चौकट

५ जानेवारी, सोमवार
निवृत्तीनंतर दोन महिने घरात बसून अंग आंबलं होतं. आज वाशीच्या एका संस्थेत रुजू झाले. अठ्ठावीस वर्षं नर्सिंग शिकवलं, पण हे काम नवीन आहे. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट, चौघांनी ऑनलाइन एकत्र बसून एकाच रुग्णाचा विचार करायचा, एकमेकांकडून शिकायचं. कल्पना फार आवडली. वर्ग दुपारी दोनला, मी कामोठ्याच्या घरूनच घेणार. विद्यार्थी चौघं: डॉ. प्रसाद, फार्मासिस्ट सोनल, फिजिओ सुयश आणि आमच्या नर्सिंगची ऋता. कॅमेरा बंद तर गैरहजेरी, असं बजावलं. ऋता हसली. चुणचुणीत आहे.

८ जानेवारी, गुरुवार
आम्ही पाच जण, पण आज पडद्यावर सहावी चौकट. खाटेवर एक म्हातारी बाई, धापा टाकणारी. आवाज बंद. मला वाटलं, रुग्णाची भूमिका करायला प्रसादने कोणाला बसवलंय. त्याला वाटलं, मी. वर्ग मात्र रंगला! सुयशने श्वास मोजले, मिनिटाला अठ्ठावीस. सोनलने डोस काढले. मी शाबासकी दिली.
लिहायला लाज वाटते. बाईचं नाव कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा.

१२ जानेवारी, सोमवार
संस्थेत फोन केला. आम्ही कोणालाही बसवलेलं नाही, म्हणाले. आज श्वास छत्तीस, ओठ निळे. ही खरी पेशंट आहे, मी ओरडले.
"टेन्शन कशाला घेता, मॅडम? ॲक्टिंग भारी करते म्हातारी," प्रसाद म्हणाला. सोनल खिदळली. यांना पदव्या देतं कोण?
मी नाव विचारलं. बाईने उशाखालचा केसपेपर वर धरला. यशोदाबाई, दिवाळे गाव.

१३ जानेवारी
दिवाळ्याला गेले. मासळी विकणारीला विचारलं.
"यशोदाबाय? ती जाऊन दोन वरसा झाली. दम लागला तवा डाक्टर म्हने नर्सला सांगा, नर्स म्हने गोल्यावाल्याला. समदी बघून गेली. आमची म्हनून कोनी घेतली नाय. तुमी पन बघायलाच आल्या काय?"
भीती वाटली. पण राग त्याहून मोठा.

१५ जानेवारी, गुरुवार
ती चौकटीत होतीच. दिवाळ्याचं सगळं सांगितलं. आज कोणी हसलं नाही. विचारलं, ही कोणाची पेशंट? प्रसाद म्हणाला, आधी फिजिओने बघावं. सुयश म्हणाला, औषधं ठरू देत. सोनल म्हणाली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती कशी? तेच. अगदी तेच! ऋता काही बोलणार, तेवढ्यात मीच ओरडले. माझी. माझी आहे ही.
चौकटीतली खाट रिकामी झाली.
छातीवर काहीतरी येऊन बसलंय.

१७ जानेवारी
दम लागतोय. अँब्युलन्सला फोन लावला. माझा आवाज पलीकडे जात नाही. शेजारच्या वैशालीच्या दारावर थापा मारल्या. तिने दार उघडलं, मला नीट बघितलं — आणि दार लावून घेतलं.

१९ जानेवारी
दोन वाजले. फोन उशाशी. वर्ग माझ्याविना सुरू — सहाव्या चौकटीत माझी खाट. सुयश मोजतोय. छत्तीस. सोनल डोस — मूर्खांनो, मी आहे ही! प्रसाद म्हणतोय, मॅडम आज गैरहजर.
ऋता कॅमेऱ्याच्या जवळ आली. ओळखलं तिने. रडतेय. विचारतेय, ही कोणाची पेशंट —
तिघं पुन्हा एकमेकांवर ढकलतायत.
ती तोंड उघडतेय — नको. गप्प बस, ऋता. मी शिकवलेलं सगळं विसर, पण तू माझी म्हणू न