बर्फ उघडून बघू नये

तीर्थरूप भाऊसाहेबमामांना सौदीतल्या तबूककडच्या डोंगरावरून तुमच्या आगाऊ भाचीचा, अवंतीचा, वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. इथल्या वाऱ्यात सरळ उभंच राहता येत नाही.) तुमचा गुडघा काय म्हणतोय? अनुराधामामींनी तुमचे लाडू बंद केल्याचं कळलं, बरंच केलं. माझी तब्येत ठणठणीत आहे, उन्हाने नाक तेवढं सोललंय.

तुम्ही आईला विचारलंत म्हणे, की वाळवंटात पोरगी बर्फाचं काय करते? तर इथे उंच डोंगरावर स्कीइंगचं रिसॉर्ट झालंय. हिवाळ्यात तोफेसारख्या यंत्रांतून पाणी उडवून आम्ही बर्फ पाडतो. त्याला वीज लागते बदाबदा आणि पाणी त्याहून जास्त. (पाणी हॉटेलच्या सांडपाण्याचंच, शुद्ध केलेलं. मामींना हे सांगू नका, त्या माझ्या हातचा चहा पिणार नाहीत.) यंदा वरून हुकूम आला, की पुढच्या मोसमात वीज-पाणी तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं नाही तर आमचा विभाग खलास. विभाग म्हणजे मी आणि मालेगावचा शादाब. खलास म्हणजे इकामा (इथे राहायचा परवाना) रद्द, बॅगा भरा. आमचे मॅनेजर मिशारीसाहेब मीटिंगमध्ये एकेकाला उपाय विचारत होते. माझी पाळी आली तेव्हा डोक्यात फक्त तुमची येवल्याची बर्फाची वखार होती. मे महिन्यात भुशात पुरलेल्या लाद्या, वर गोणपाट, आणि गोणपाट संपलं त्या दिवशी मामींची लग्नातली गोधडी! (त्यानंतर महिनाभर तुम्हाला कोणी वाढलं, हे मला अजून कळलेलं नाही.) मी बोलून गेले, की नवा बर्फ कशाला, यंदाचाच झाकून ठेवू. सगळे पोट धरधरून हसले आणि मिशारीसाहेब म्हणाले, ठेव.

आता भुसा आणायचा कुठून? इथे झाडच दिसत नाही तर लाकूड कसलं कापणार. शेवटी हुफूफच्या खजुराच्या बागांतून वाळक्या झावळ्यांचा चुरा मागवला. (रिकामे परतणारे ट्रक धरले होते, उगाच डिझेल जाळलं म्हणून ओरडू नका.) दोन मजली ढीग, त्यावर हातभर चुरा, मी आणि शादाब अगदी कृतार्थ. फक्त त्या चुऱ्यात खजूरही होते, हे आम्हाला माहीत नव्हतं. ते बकऱ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर ढिगावर चाळीसेक बकऱ्या, खाऊनपिऊन, खालून गार आणि वरून कोवळं ऊन अशा थाटात पसरलेल्या. शादाब "यल्ला, यल्ला" (म्हणजे चला, चला) करत वर चढला, एका बकरीने त्याच्याकडे बघितलं, आणि तो बसल्या बसल्या थेट खालपर्यंत घसरत आला. आमच्या डोंगरावरचा भर उन्हाळ्यातला पहिला स्कीपटू तोच. बकऱ्यांचा मालक पिकअप घेऊन आला. मला वाटलं आता भांडण, पण त्याने थर्मासमधली कॉफी पाजली आणि माझ्या बकऱ्यांची इतकी छान सोय कोणी केली, असं विचारलं. मी एवढी हसले की कॉफी नाकातून आली.

पण खरी पंचाईत पुढे झाली. त्या बकऱ्यांचा व्हिडिओ कंपनीभर फिरला आणि आमचा ढीग पाहायला रोज कोणीतरी मोठा माणूस यायला लागला. येतो, हसतो, आणि म्हणतो, जरा दाखवा की आत बर्फ आहे का! चुरा बाजूला करायचा, त्याने फोटो काढायचा, पुन्हा चुरा लोटायचा. बकऱ्यांनी केलं नाही एवढं नुकसान साहेब लोकांनी केलंय. नोव्हेंबरपर्यंत निम्मा राहिला तरी आम्ही वाचलो, पण ढीग दर आठवड्याला वीतभर खाली जातोय. मी गोड बोलून, चार्ट दाखवून, पाटी लावून पाहिली. पाटीसमोर उभं राहून फोटो काढतात. मामा, मला भीती वाटते हो. घरी यायला आवडेल, पण हाकलून नको.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, गोधडीला विशेष.

तुमची,
अवंती

ता. क. मंगळवारी संध्याकाळी तुमच्या साडेपाचला या साहेब लोकांशी व्हिडिओ कॉल आहे. येवल्यात माझे सल्लागार आहेत, बर्फ टिकवण्याचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे, असं मी सांगून बसलेय. (यात खोटं काय आहे?) तुम्ही मराठीतच बोला, शादाब सांगेल त्यांना. फार काही बोलायचं नाही. मी सात वर्षांची असताना गोणपाट उचलताना तुम्ही मला पकडलंत, तेव्हा जे ऐकवलंत तेच, त्याच आवाजात: "सारखं उघडून बघितलं की बर्फ जातो, गाढवे!" गाढवे हा शब्द शादाब गाळेल. तुम्ही गाळू नका.

ता. क. २. बंडीवर शर्ट घाला. मागे मामी दिसल्या तर चालेल, पण गोधडीचा विषय निघता कामा नये.

ता. क. ३. आज पहाटे मीच हळूच एक कोपरा उचलून बघितला. आहे, मामा. अजून आहे. हे मंगळवारी बोलू नका.