अकरा नळ्यांतलं रक्त

३ मार्च
पोचले एकदाची! प्रयोगशाळेच्या कोंदट खोलीतून महिनाभर सुटका. या घरात तीन पिढ्या स्नायू झिजण्याचा आजार आहे. कुठल्या जनुकातला दोष उतरत आलाय, ते शोधायचंय. सरांनी बजावलंय, आधी माणसांत मिसळ, मग सुई काढ. माणसं लाघवी आहेत. घराचा गाडा थोरली आत्या ओढते. सत्तरीची, पण ठणठणीत. माझ्या बॅगा पाहून म्हणाली, रक्त घ्यायला आलीस की नांदायला?

६ मार्च
भिंतीवर वंशावळ मांडली. पुरुष चौकोनी, बायका गोल, आजारी ते काळे. अकरा माणसं, आत्या सोडून दहाही काळी. एक गोष्ट खटकली. धाकटी सूनही काळी. ती परक्या घरातली, नात्यातली नाही. हा दोष तिच्यात कुठून येणार? लग्नाआधी ती पोहायला शिकवायची. आता जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रोवत वर सरकते. 'योगायोग' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

९ मार्च
अकरा जणांचं रक्त घेतलं. आत्याचंही. नळ्या रात्रभर स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवून सकाळी पाठवणार.

२१ मार्च
सरांचा फोन. अकराही नळ्यांत एकाच बाईचं रक्त आहे म्हणे. कंटाळा आला म्हणून एकाच दंडातून सगळ्या भरल्यास का, असं विचारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वयंपाकघराची किल्ली आत्याच्या कमरेला असते. नळ्या तिनंच बदलल्या असणार. पण का? एकटी धडधाकट आहे. काहीतरी लपवतेय.

२३ मार्च
पुन्हा रक्त घेतलं. सील मी लावलं, प्रयोगशाळेचा माणूस न्यायला येईपर्यंत नळ्यांची पेटी मांडीवरून हलवली नाही. आत्या समोर बसून बघत होती. तिनं बाही वर केली, तेव्हा दंड पाहून चपापले. तिशीतल्या बाईचा वाटावा असा. पडताळणीसाठी बारावी नळी माझ्या रक्ताची घातली. कुणाला बोलले नाही.

५ एप्रिल
पुन्हा तेच. दाढीवाल्या काकांच्या नळीतही बाईचंच रक्त, त्याच बाईचं. मी स्वतः काढलेलं!
आत्या मागच्या अंगणात गेल्यावर सुनेला गाठलं. ती हळूच म्हणाली, “हे मी माहेराहून आणलेलं नाही. दोन वर्षांत मी भिंत धरून चालायला लागले आणि आत्याबाईंची काठी सुटली.”
मग तिनं विचारलं, मला इथं येऊन किती दिवस झाले.

६ एप्रिल
सरांना बाराव्या नळीबद्दल विचारलं. तिच्यातही त्याच बाईचं रक्त, म्हणाले. चूक प्रयोगशाळेचीच असेल, असंही म्हणाले.
लगेच बॅग भरली. फाटकापर्यंत गेले आणि गुडघे वाकले, ते सरळच होईनात. आत्यानं मला एका हातानं उचललं, तान्ह्या पोरासारखं. वरच्या खोलीत आणून ठेवलं. हसत होती.

९ एप्रिल
फोन तिच्याकडे आहे. तिनं सरांना बोलावलंय — पोरगी आजारी पडली, न्यायला या म्हणून. पेन बोटांतून निसटतं —

११ एप्रिल
गाडी आली. खिडकीतून दिसतायत. सर बूट काढतायत. आत्या सांगतेय, पोरीला जरा बरं वाटू द्या, तोवर चार दिवस राहा. सर हो म्हणाले —
ओरडले. आवाज ओठांपलीकडे जात नाही.
हे पान फाडून खाली टाकते. सर, बसू नका. मला न्यायलाही वर येऊ नका. पाय चालतायत तोवर —
जिन्यावर पावलं. सरांची नाहीत. दोन-दोन पायऱ्या एकदम चढत —
पान फाटत नाही, बोटांत जोर —