नऊ घड्याळं आणि माझा मसुदा

सोमवार, ११. सकाळी १०.
पंधरा दिवसांची रजा सुरू. एरवी या वेळी ऑफिसात असतो, म्हणून घरातला अन्याय दिसत नाही. भिंतीवरची बाबांची नऊच्या नऊ घड्याळं बंद! जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्याचा टोले ऐकण्याचा हक्क कोणी हिरावला? बायकोने, अर्थात. नर्स आहे, रात्रपाळी करून दिवसा झोपते. काटे जुळवून सगळे लंबक स्वतः हलवून दिले. बाबा काहीतरी सांगायला आले. म्हटलं, आभार नकोत.

दुपारी १२. एकशे आठ टोले. बायको उठली.

मंगळवार, १२.
बायकोलाही झोपेचा हक्क आहे, हे मोठ्या मनाने मान्य केलं. पण दोन खरे हक्क एकमेकांच्या आड येतच नाहीत. आलेच, तर आखणारा कच्चा असतो. घरातल्या हक्कांचा मसुदा लिहायला घेतला. बाबा पुन्हा आले. लेखी द्या म्हटलं.

बुधवार, १३.
तोडगा सापडला. सगळे टोले एकदम पडतात, हेच दुखणं. प्रत्येक घड्याळ आधीच्यापेक्षा सहा मिनिटं मागे लावलं. आवाज वाटला गेला. बायकोच्या वाट्याला एका वेळी नववा हिस्सा.

दुपारी ४. टोले थांबतच नाहीत. अंमलबजावणीत किरकोळ अडचण. किती वाजले ते न कळून बाबा दोनदा जेवले.

गुरुवार, १४.
वॉर्डात बायको एका पेशंटला दुसऱ्याचं औषध देणार होती. ऐन वेळी हात आवरला. घरी येऊन रडली. फार वाईट वाटलं. लगेच मसुद्याला सतरावं कलम जोडलं.

शुक्रवार, १५. सकाळी ९.
बाबा खुर्चीवर चढून एकेक लंबक हाताने थांबवत होते. हक्क असा सोडून देता येत नाही, अशी मी हरकत घेतली. तेवढ्यात बायको आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "अहो, सहा वर्षं बाबाच थांबवतात. संध्याकाळी मी उठले की चावी देते. मग चहा घेत आम्ही दोघं सहाचे टोले ऐकतो."

मग मला आधी का नाही सांगितलं, असं जरा कडक आवाजात विचारलं. बाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मंगळवारची तारीख होती.

९.३०. उरलेली रजा रद्द. साहेबांचाही माझ्यावर काही हक्क आहेच.

डबा बाबांनी आधीच भरून ठेवला होता.