शेजारच्या सीटपुढचा ब्रेक

मी, मोटार ड्रायव्हिंग स्कूलची मालकीण, शिकायला येणारी मंडळी जिला मागून ‘ब्रेकबाई’ म्हणतात ती, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून वळवलेलेही नाही. अक्षर हलते आहे ते वयामुळे नव्हे, गेल्या महिन्यात जे कळले त्यामुळे. हे वाक्य गाळा, असे वकीलबाई म्हणाल्या. मी गाळणार नाही.

याआधीचे मृत्युपत्र, ज्यात सर्व काही मुलाच्या नावे होते, ते रद्द समजावे.

कलम १. स्कूल, शिकवण्याची गाडी आणि खालची ऑफिसची खोली माझ्या भाचीला द्यावी. ती माझ्या दिवंगत बहिणीची मुलगी. ती माझ्याच घरात वाढली आणि माझे गुडघे गेल्यापासून माझ्या जागी शिकवते. वाचणाऱ्याला माहीत नसेल म्हणून सांगते: अशा गाडीत शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर बसतो आणि शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो. तो तारेने मुख्य ब्रेकला जोडलेला असतो. शिकाऊ माणूस घाबरला की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा सोडून आणखी जोरात दाबतो, आणि तेव्हा गाडी थांबते ती फक्त शेजारच्या ब्रेकने.

कलम २. त्या दिवशी स्टिअरिंगवर शिंपीकाका होते. लेक लांब दिली, बसने जायला अर्धा दिवस मोडतो, म्हणून पन्नाशीनंतर गाडी शिकायला आलेले. बेकरीच्या कोपऱ्यावर त्यांनी ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. भाचीने आपला ब्रेक दाबला. पेडल जागेवर होते, ते खालीही गेले, पण त्यामागे काहीच नव्हते. गाडी बेकरीच्या भिंतीत शिरली. शिंपीकाकांना खरचटलेसुद्धा नाही, भाचीच्या खांद्याचे हाड मोडले. हॉस्पिटलात ती एकच सांगत होती, “मावशी, मी दाबला होता गं. खरंच दाबला होता.” स्वतःवरचाच तिचा विश्वास उडाला होता. मी परत त्या सीटवर बसणार नाही, असे तिने सांगून टाकले. माझे स्कूल तिच्या पायावर उभे आहे, आणि तिला तो पायच खोटा वाटू लागला होता.

कलम ३. विमा कंपनीचा माणूस नुकसान बघायला आला. वाकून आत बघत त्याने विचारले, “बाई, गाडी शिकवायला वापरता? विमा तर घरगुती वापराचा आहे.” मी हसले. म्हटले, “टपावर एवढा बोर्ड आहे, घरगुती कशी असेल?” त्याने मोबाइलवर विमा घेतानाचे फोटो दाखवले. गाडी माझीच होती. बोर्ड नव्हता, आणि शेजारच्या सीटपुढे ब्रेक नव्हता.

मी तशीच गॅरेजात गेले. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, “दर वर्षी काढतो की, बाई. फोटो झाले की परत बसवतो. दादांनीच सांगितलंय. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे.” दादा म्हणजे माझा मुलगा; गाडीचा विमा तोच बघायचा. यंदा तार झिजली होती. नवी येईपर्यंत त्याने पेडल नुसते बसवून ठेवले. मुलाला कामावर जायची घाई होती. ‘उद्या जोडू’ म्हणून तो गाडी घेऊन आला आणि कोणाला काही बोलला नाही.

दर वर्षी विम्याच्या फोटोंच्या दिवशी मुलगा गाडी चकचकीत पॉलिश करून आणायचा आणि मी शेजारणीला सांगायचे, मुलगा असावा तर असा.

मी त्याला विचारले. तो म्हणाला, “आई, शिकवण्याच्या गाडीचा विमा महाग पडतो. दर वर्षी कंपनी बदलून मी स्वस्तातला शोधायचो. तुझेच पैसे वाचवत होतो. आणि याआधी तुझ्या गाडीला कधी अपघात झाला होता का?”

“झाला नाही, कारण तिथे ब्रेक होता,” मी म्हटले. त्यावर तो खाली बसला. मीही बसले. कंपनीने अर्थातच हात वर केले.

कलम ४. माझ्या शिलकीतून आधी भाचीच्या उपचारांचा आणि बेकरीच्या भिंतीचा खर्च भागवावा. उरेल ते तिचे. शिंपीकाकांचे शिकणे फुकट पुरे करून द्यावे. ते रोज येऊन माफी मागतात, ती आता पुरे. माझ्या यजमानांची पान्यांची पेटी मेकॅनिकला द्यायचे मी कबूल केले होते. देऊ नये. ‘मला वाटलं’ एवढ्यावर जो ब्रेक काढतो, त्याच्या हातात ती शोभणार नाही.

कलम ५. भाचीने विमा स्वतः घ्यावा. गाडी कशासाठी वापरतो ते पहिल्या ओळीत खरे सांगावे. खोट्या माहितीवरचा स्वस्त विमा म्हणजे भोके पाडलेली छत्री. कंपन्यांची तुलना जरूर करावी, पण नुसत्या हप्त्याची नाही. काय भरून मिळणार नाही ते आधी वाचावे, कारण ते बारीक अक्षरात असते. समोरच्याचे नुकसान भरून देणाऱ्या विम्यात आपली गाडी आणि आपले हाड येत नाही, हे ध्यानात ठेवावे. बारीकसारीक पोच्यासाठी कंपनीकडे धावू नये, आणि मोठा अपघात झाला तर गाडी हलवण्याआधी त्यांना कळवावे. मुदत संपू देऊ नये. बैल गेला आणि झोपा केला, हे आमच्या घरात एकदा झाले तेवढे बस.

कलम ६. वरच्या दोन खोल्या मुलाला द्याव्यात. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याला बेघर करणे माझ्याने होणार नाही. यातले काही कोणत्याही कारणाने रद्द ठरले, तर ते भाचीकडे जावे.

कलम ७. हे कलम आयत्या वेळी लिहीत आहे. सह्यांसाठी वकीलबाई आणि बेकरीवाले आले. दुसरा साक्षीदार हवा होता. मुलगा दारात उभा होता. म्हणाला, “मी करतो सही.” वकीलबाईंनी समजावले, साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, वरच्या खोल्या जातील. तो म्हणाला, “माहीत आहे. म्हणून तर.” महिन्याभरातला हा दुसरा धक्का.

भाची कोपऱ्यात बसली होती. ब्रेकची तार जोडलेलीच नव्हती हे कळल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, “म्हणजे वरच्या खोल्या माझ्या. मग भाडं मी ठरवणार. दादा, तू रोज सकाळी शेजारच्या सीटवर बसायचं आणि ब्रेक दाबून बघायचा. मग मी बसेन.”

त्याने मान हलवली आणि सही केली.

ठिकाण: स्कूलचे ऑफिस, खालची खोली.
दिनांक: भाचीच्या खांद्याचे प्लास्टर निघाले तो सोमवार.

सही: ब्रेकबाई

साक्षीदार पहिला: बेकरीवाले. (भिंत अजून अर्धी आहे. तक्रार नाही.)
साक्षीदार दुसरा: मुलगा. (कलम सहा वाचून सही केली. शेजारच्या सीटपुढचा ब्रेक आत्ताच बाहेर जाऊन दाबून बघितला. लागतो.)